पातळी-दुर्बीण बसविणे, समपातळीत आणणे व तपासून घेणे

राहाता तालुक्यातील शेतीचे दोन भाग पडतात. गोदावरीच्या उजव्या कालव्याखाली आणि प्रवरेच्या डाव्या कालव्याखाली असलेल्या गावांना पाटपाण्याची सवय कित्येक पिढ्यांची आहे. पश्चिमेकडील जिरायत गावांना मात्र निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी २०२३ सालापासून दिसू लागले. पहिल्या भागात चिबड व चोपण झालेली राने पुन्हा लागवडीखाली आणण्यासाठी चर काढण्याचे काम आहे. दुसऱ्या भागात तशी राने होऊच नयेत म्हणून पाणी येण्याच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर शेत सपाट करण्याचे व निचऱ्याची वाट ठरविण्याचे काम आहे. दोन्ही कामे दुर्बिणीवाचून होत नाहीत. सर्वेक्षक जिला डंपी लेव्हल किंवा ऑटो लेव्हल म्हणतात आणि आपल्याकडील शेतकरी नुसतेच 'दुर्बीण' म्हणतात, त्या यंत्राविषयी हा लेख आहे. ती तिपाईवर कशी बसवावी, समपातळीत कशी आणावी, आणि मुख्य म्हणजे ती खरे बोलते की नाही हे घरच्या घरी कसे तपासावे, एवढाच त्याचा विषय आहे.

कालव्याच्या पाण्याने जमिनी बिघडण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत चांगली काळी राने खारवू लागली, आणि त्या जमिनींचा अभ्यास करून डॉ. हॅरोल्ड मान व व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. काळ्या भारी जमिनीत पाणी मुरते सावकाश आणि खालून निघून जाते त्याहूनही सावकाश. तेव्हा चराला जो थोडासा ढाळ द्यावयाचा, तो खरोखर दिला गेला पाहिजे. सपाट रानातील चराचा ढाळ बहुधा हजारास एक किंवा पाचशेस एक इतकाच मिळतो. म्हणजे एका मीटरला एक किंवा दोन मिलिमीटर. एवढा ढाळ डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो फक्त दुर्बिणीला, आणि दुर्बीणच चुकीची असली तर कोणालाच दिसत नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातील एक प्रसंग येथे सांगतो. एका बागायतदाराच्या उसाच्या रानाच्या कडेने १२० मीटर लांबीचा चर काढावयाचा होता. ढाळ हजारास एक धरला, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत तळ १२ सेंटिमीटर खाली जावयास हवा. मी चराच्या माथ्याशी दुर्बीण उभी केली, बुडबुडा मध्यावर आणला, तेथूनच शेवटापर्यंतच्या सर्व खुंट्यांची मापे घेतली आणि वहीत ढाळ बरोबर उतरल्याचे लिहून टाकले. पुढच्या पाळीला पाहतो तो चरात या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी उभे. ते गृहस्थ वयाने माझ्या वडिलांएवढे होते. रागावले नाहीत, म्हणाले, "साहेब, पाणी तुमच्या वहीत उतरलं, रानात नाही उतरलं." यंत्र नंतर तपासले, तेव्हा त्याची दृष्टी दर मीटरला एक मिलिमीटर वर चढत असल्याचे आढळले. १२० मीटरवर ही चूक बरोबर १२ सेंटिमीटरची झाली. जितका ढाळ मी देत होतो, नेमका तितकाच यंत्राने खाल्ला होता. बुडबुडा मात्र शेवटपर्यंत मध्यावरच होता.

हे कसे घडते ते समजण्यासाठी यंत्राचे दोन भाग मनात वेगळे केले पाहिजेत. एक भाग बुडबुड्याचा. तो यंत्र कसे उभे आहे ते सांगतो. दुसरा भाग नळीतील आडव्या तारेचा. तो आपण कोठे पाहत आहोत ते ठरवितो. दुर्बिणीत पाहण्याची खूण म्हणून तार घालण्याची युक्ती विल्यम गॅस्कोइन या इंग्रज ज्योतिषाला सुमारे १६४० साली सुचली, असे मानतात. कोळ्याचा तंतू आपल्या दुर्बिणीत ताणला गेलेला पाहून त्याला ती सुचली. डंपी लेव्हल १८३२ साली विल्यम ग्रॅव्हॅट याने रचली. ऑटो लेव्हलमध्ये दृष्टी आडवी ठेवण्याचे काम आत टांगलेला एक भाग करतो. परंतु यंत्र जुने असो वा नवे, बुडबुडा आणि दृष्टिरेषा ह्या दोन गोष्टी कारखान्यात एकमेकींशी जुळवून दिलेल्या असतात. जीपमधले धक्के, पडणे, उन्हात तासन् तास राहणे यांनी ती जुळणी बिघडते. बंदुकीवर दुर्बीण बसविणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. दुर्बीण घट्ट बसली आणि तारांची फुली सरळ दिसली म्हणजे नळीची दिशा व दुर्बिणीची दिशा एक झाली असे होत नाही. निशाणावर गोळी झाडून ती ताडून पाहावी लागते. आपल्या दुर्बिणीचे निशाण म्हणजे ६० मीटर अंतरावरच्या दोन खुंट्या. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी यंत्र उभे करण्याची रीत पाहू.

तिपाईची जागा घट्ट असावी. नुकत्याच भिजविलेल्या वाफ्यात किंवा उन्हाळ्यातील भेगाळलेल्या काळ्या रानात तिपाई उभी करू नये. बांध, गाडीवाट किंवा धाव निवडावी. अशी जागा नसेल तर वरची मोकळी माती फावड्याने दूर करून पाय दाबावेत. पाय पुरेसे फाकवून प्रत्येकाच्या टाचेवर आपला पाय देऊन तो जमिनीत बसवावा. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला व एक वरच्या अंगाला ठेवावा. तिपाईचे डोके नजरेनेच जितके आडवे करता येईल तितके करावे. पुष्कळ जण हे काम पातळी-स्क्रूंवर ढकलतात. मग स्क्रू एका टोकाला जाऊन अडकतात आणि त्यांचे आटे झिजतात. यंत्र डोक्यावर ठेवून खालचा मळसूत्री खिळा पुरता लागेपर्यंत दुसरा हात यंत्रावरून काढू नये. खिळा घट्ट असावा, पण पिळून आवळू नये. खांद्यावर तिपाईसकट यंत्र घेऊन बांध ओलांडण्याची सवय तर सर्वांनीच सोडावी. पडणारी बहुतेक यंत्रे अशाच वेळी पडतात.

आता बुडबुडा. लांब नळीचा बुडबुडा असेल तर नळी कोणत्याही दोन स्क्रूंना समांतर आणावी आणि ते दोन्ही स्क्रू एकाच वेळी, दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर, असे फिरवावेत. बुडबुडा डाव्या हाताच्या अंगठ्याच्या दिशेने चालतो. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे चाचपडावे लागत नाही. मग दुर्बीण काटकोनात वळवून फक्त तिसरा स्क्रू फिरवावा. असे दोन-तीन वेळा केल्यावर बुडबुडा दोन्ही दिशांना मध्यावर राहतो. येथे बहुतेकांचे काम संपते, ते संपू नये. दुर्बीण नेमकी अर्धी फेरी, म्हणजे मागची बाजू पुढे येईल अशी, फिरवावी. बुडबुडा जागचा हलला नाही तर तो निर्दोष आहे. तो सरकला, समजा दोन घरे सरकला, तर त्यांतील एक घर हा बुडबुड्याचा स्वतःचा दोष आणि एक घर हा यंत्र तिरपे उभे असल्याचा दोष असतो. सबब निम्मा फरक पातळी-स्क्रूने व निम्मा बुडबुड्याच्या बाजूच्या लहान स्क्रूने काढावा, आणि पुन्हा फिरवून पाहावे. ऑटो लेव्हलच्या गोल बुडबुड्यालाही हाच नियम लागू आहे. याशिवाय ऑटो लेव्हलचा टांगता भाग अडकलेला नाही ना हे पाहण्यासाठी मोजकाठीकडे बघत असताना तिपाईच्या पायाला बोटाने हलकी टिचकी मारावी. तार थरथरून पूर्वीच्याच आकड्यावर परत आली पाहिजे.

गवंड्याच्या साध्या पाणसळीलाही ही उलटून पाहण्याची परीक्षा तंतोतंत लागते. घरातल्या ओट्यावर फळी ठेवून खाली पाचर सारत पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणावा, मग पाणसळ टोकाशी टोक बदलून त्याच जागी ठेवावी. बुडबुडा सरकला तर पाणसळ खोटी. ओळंबा लावलेल्या 'अ' आकाराच्या लाकडी चौकटीचेही तसेच. आडव्या पट्टीवर दोरी पडेल तेथे खूण करावी, दोन्ही पायांच्या जागा अदलाबदल करून दुसरी खूण करावी, आणि दोन्ही खुणांचा मध्य ती खरी खूण समजावी. चौकट कितीही वेडीवाकडी जोडलेली असली तरी हा मध्य खराच येतो.

दुर्बिणीत पाहताना प्रथम मोजकाठीकडे पाहू नये. आकाशाकडे किंवा समोर धरलेल्या पांढऱ्या कागदाकडे नळी करून नेत्रभिंग असे फिरवावे की तार काळी व रेखीव दिसेल. त्यानंतरच काठीवर नजर जुळवावी. मग डोळा किंचित वरखाली करून पाहावा. तार आकड्यावरून सरकल्यासारखी वाटली तर जुळणी अपुरी आहे, दोन्ही पुन्हा करावे. नेत्रभिंगाची जुळणी ज्याच्या त्याच्या डोळ्याची असते. दुसरा माणूस पाहावयास आला की ती पुन्हा करावी लागते. चष्मा असणाऱ्यांनी एकदा चष्म्यासह व एकदा चष्म्यावाचून असे पाहू नये.

आता लेखाचा खरा भाग. सुमारे ६० मीटर अंतर मिळेल अशी बऱ्यापैकी सपाट जागा निवडावी. शाळेचे पटांगण किंवा कारखान्याच्या उसाच्या गाड्या उभ्या राहतात तशी मोकळी जागा उत्तम. दोन खुंट्या ठोकाव्यात; एकीला अ म्हणू, दुसरीला ब. टेपने मोजून दोहोंच्या बरोबर मध्ये, म्हणजे ३० मीटरवर, यंत्र उभे करावे व समपातळीत आणून दोन्ही खुंट्यांवरील मापे घ्यावीत. समजा अ वर १.४२५ मीटर आणि ब वर १.०८० मीटर आले. फरक ०.३४५ मीटर. यंत्राची दृष्टी वर चढत असो की खाली उतरत असो, दोन्ही खुंट्या सारख्याच अंतरावर असल्यामुळे चूकही दोन्हीकडे सारखीच झाली आहे, आणि वजाबाकीत ती नाहीशी झाली आहे. म्हणून हा फरक खरा. ब ही खुंटी अ पेक्षा ३४५ मिलिमीटरने उंच आहे, हे आता खोट्या यंत्रानेही खरे सांगितले आहे.

यानंतर यंत्र उचलून ब-अ ह्याच रेषेत अ च्या पलीकडे ३ मीटरवर न्यावे. आता अ ३ मीटरवर व ब ६३ मीटरवर आहे. पुन्हा मापे घ्यावीत. समजा अ वर १.५०३ आले. यंत्र निर्दोष असते तर ब वर त्यातून ०.३४५ वजा जाऊन १.१५८ यावयास हवे होते. प्रत्यक्षात १.२१८ आले. म्हणजे ६० मिलिमीटर जास्त. आणि दोन्ही खुंट्यांच्या अंतरांतील तफावतही ६० मीटरच आहे. यंत्राची चूक मीटरला एक मिलिमीटर निघाली, आणि लांबचे माप मोठे आले म्हणून दृष्टी वर चढते हेही कळले. वर सांगितलेल्या प्रसंगातील यंत्राची चूक हीच होती. ६० मीटरला तीन-चार मिलिमीटरपर्यंतचा फरक शेतकामात मी सोडून देतो. त्याहून अधिक असेल तर त्या यंत्राने चराचे माप घेऊ नये.

दुरुस्ती दोन प्रकारची आहे. बुडबुडा निर्दोष ठरल्यानंतरच आडव्या तारेला हात घालावा. ६३ मीटरवर चूक ६३ मिलिमीटर होते, म्हणून ब वर १.२१८ ऐवजी १.१५५ दिसले पाहिजे. तारेची चकती धरून ठेवणारे लहान स्क्रू नेत्रभिंगाजवळ असतात. एक किंचित सैल करून मगच दुसरा आवळावा आणि तार १.१५५ वर आणावी. मग अ वर १.५०० येते व फरक पुन्हा ०.३४५ जुळतो. सर्व परीक्षा पहिल्यापासून एकदा करून पाहावी. ज्यांचा हात ह्या कामाला बसलेला नाही त्यांनी स्क्रूंना हात न लावता यंत्र दुरुस्तीकाराकडे पाठवावे, हे मी अनुभवाने सांगतो. पण परीक्षा करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. अर्ध्या तासाचे काम आहे.

यावर कोणी म्हणेल की, मध्यावर उभे राहिले की चूक जाते, तर नेहमी मध्यावरच उभे राहावे, परीक्षा कशाला? दोन ठिकाणांच्या उंचीतील फरक काढावयाचा असेल तेव्हा हे म्हणणे बरोबर आहे, आणि मागचे व पुढचे माप शक्य तितक्या सारख्या अंतरावरून घेण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावीच. परंतु चराच्या किंवा सपाटीकरणाच्या कामात एकाच जागेवरून जवळच्या-दूरच्या पुष्कळ खुंट्या पाहाव्या लागतात. तोच १२० मीटरचा चर घ्या. तेच सदोष यंत्र मधोमध, ६० मीटरवर उभे केले असते तर दोन्ही टोकांतील १२ सेंटिमीटरचा फरक बरोबर मिळाला असता. पण मधली खुंटी ६ सेंटिमीटर अधिक खोल गेली असती. माथ्यापासून मध्यापर्यंतच सगळा १२ सेंटिमीटर ढाळ संपला असता आणि पुढची ६० मीटर ढाळावाचून राहिली असती. चराला मध्ये पोट पडून तेथे गाळ साठतो, तो पुष्कळदा अशाच कारणाने. आपण दोष देतो खोदणाऱ्या माणसाला किंवा जेसीबीच्या चालकाला.

मोजकाठी धरणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. काठी पुढे किंवा मागे कललेली असेल तर माप नेहमी मोठेच येते, लहान कधीच येत नाही. तीन मीटरच्या मापावर पाच अंशांचा कल असेल तर ११ मिलिमीटरची चूक होते. काठीवर बुडबुडा नसेल तर धरणाऱ्याने ती आपल्याकडे व दुर्बिणीकडे सावकाश झुलवावी आणि पाहणाऱ्याने सर्वांत लहान आकडा टिपावा. सरकत्या काठीचे सांधे पुरते बसले आहेत याची खात्री करावी. एक सांधा अर्धवट राहिला तर वरच्या भागातील सर्व मापे एकसारखी चुकतात व संशयही येत नाही. काळ्या रानात काठीच्या बुडाला चिकटलेला चिखल प्रत्येक खुंटीवर पुसावा. चैत्र-वैशाखात दुपारी रानावरची हवा लहरते, त्या वेळी लांबची मापे घेऊ नयेत. सकाळी दहापर्यंत काम उरकावे आणि दृष्टिरेषा जमिनीपासून निदान अर्धा मीटर वर ठेवावी.

ज्या गावात दुर्बीण वेळेवर मिळत नाही तेथे लहान कामापुरती पाण्याची पारदर्शक नळी चांगली. १५ ते २० मीटर लांबीच्या नळीत पाणी भरून आतील हवेचे बुडबुडे पूर्णपणे काढून टाकावेत. काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरून पाणी एका रेषेत येते की नाही पाहावे. न आल्यास आत कोठे तरी हवा अडकली आहे किंवा एका टोकाचे बूच काढावयाचे राहिले आहे. नळीने घेतलेला फरक प्रत्येक मुक्कामाला दोन-चार मिलिमीटरने चुकू शकतो, म्हणून वाफे, सारे आणि लहान पाट यांपुरतीच ती वापरावी. अलीकडे तरुण शेतकरी भ्रमणध्वनीतील पाणसळ दाखवितात. तिच्यावर एक दशांश अंश दिसतो, पण एक दशांश अंश म्हणजे मीटरला जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर. हजारास एक ढाळाच्या चराला ती कामाची नाही. ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या लेसर सपाटीकरण यंत्राचा किरण-फेकणारा भागही तिपाईवरच उभा असतो. भाड्याने यंत्र आणणाऱ्याने त्याची परीक्षा याच दोन खुंट्यांवर मागून घ्यावी.

निळवंडे कालव्याखालील नव्या बागायतदारांना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. पहिल्या पाळीच्या उत्साहात ऊस किंवा घास करण्याआधी रानाची मापे १० किंवा २० मीटरच्या चौकटीत घेऊन ठेवावीत आणि पाणी शेवटी कोणत्या ओढ्याला जाणार ते शेजाऱ्यासह ठरवावे. एकाचा चर दुसऱ्याच्या बांधाला येऊन थांबला तर दोघांचीही राने चिबडतात. मापे घेण्याच्या दिवशी शेजाऱ्यालाही दुर्बिणीत डोकावू द्यावे. आकडा त्याने स्वतः वाचला की पुढचा वाद पुष्कळ कमी होतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मापवहीच्या पहिल्या पानावर दोन-खुंटी परीक्षेची तारीख, चारही मापे आणि निघालेली चूक लिहून ठेवावी. हंगामाच्या सुरुवातीला एकदा, दुसऱ्या तालुक्यातून यंत्र आणल्यावर एकदा आणि यंत्र पडल्यास त्याच दिवशी, अशी परीक्षा करावी. पेटीत ठेवताना पातळी-स्क्रू मध्यावर आणावेत, भिंगे मऊ सुती कापडानेच पुसावीत, धोतराच्या सोग्याने किंवा बोटाने नव्हे; आणि पावसात भिजलेले यंत्र पेटी उघडी ठेवून सावलीत सुकल्याखेरीज बंद करू नये.